मदत हवी आहे: खुराड्यात लाल माइटचा (कोंबड्यांचं रक्त पिणाऱ्या बारीक किड्यांचा) सुळसुळाट

नमस्कार मंडळी. आम्ही चिपळूणजवळ, परसात गावठी कोंबड्या आहेत, खुराडं लाकडी फळ्यांचं. दिवसा पिसं उलटून बघितली तर काही सापडत नाही. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या बांबूखालून पांढरं फडकं फिरवलं, तर रक्ताचे डाग! बांबूच्या खाचेत करड्या-लाल किड्यांचे पुंजके. खुडूक कोंबडीचा तुरा पार फिका पडलाय, ती अंडी सोडून उठते.

राख-चुना झाला, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यातून मारलं. आठवडाभर बरं, मग पुन्हा तेच. उबेत यांची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते आणि रक्ताशिवायही हे फटींत महिनोन्‌महिने तग धरतात, त्यामुळे नुसतं खुराडं रिकामं ठेवून भागणार नाही.

दुकानदार गोचिडावर मारायचं कीटकनाशक, डेल्टामेथ्रिन देतोय. ते फळ्यांना मारलं तर कोंबड्या कधी आत घ्यायच्या? अंडी घरात लहान मुलं खातात, म्हणून जास्त धास्ती. फटींवर ब्लो टॉर्च कोणी फिरवलाय का? आणि खुडूक कोंबडी अंड्यांसकट हलवली तर बसेल का? (सासूबाई म्हणतात, रात्री हलव.) जाणकारांनी, विशेषतः पशुवैद्यकांनी, कृपया सांगा.