हात उगारला नाही म्हणजे छळ नाही, असं नव्हे

म्हाताऱ्या माणसांबद्दल "निवृत्तीनंतरचा एकटेपणा खरा, पण छळ क्वचितच, तोही मारहाण करणाऱ्या घरांत" असं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. एकटेपणाबद्दल दुमत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० वर्षांवरच्या दर सहा जणांपैकी साधारण एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या छळाला तोंड द्यावं लागतं. त्यात सर्वांत मोठा वाटा मानसिक छळाचा, त्याखालोखाल पैशांची लुबाडणूक, मग हेळसांड. मारहाण त्यानंतर येते. आणि २४ प्रकरणांतलं जेमतेम एक उघड होतं.

ते उघड का होत नाही, हे मावशीमुळे कळलं. तिचं पेन्शन वेळेवर जमा व्हायचं, पण पासबुक आणि कार्ड मुलाकडे. पैसे मागितले की "तुला कशाला लागतात?" हे ठरलेलं उत्तर. आम्ही विचारलं की ती "सगळं छान" म्हणायची, कारण आम्ही विचारायचो ते त्याच्यासमोरच. एकदा डॉक्टरांनी त्याला बाहेर बसवलं तेव्हा ती बोलली, तेही आधी त्याची बाजू सावरून घेत. अन्याय जिच्यावर होतो तिनेच लाजायचं, हे मला अजूनही सहन होत नाही. म्हणून ज्येष्ठांना भेटायला जाल तेव्हा थोडा वेळ त्यांच्याशी एकांतात बोला. आणि "काही त्रास आहे का?" असं मोघम नको, "तुमचे पैसे कोण काढतं, हवे तेव्हा मिळतात का?" असं सरळ विचारा.