'फायनलाइज'ला मराठीत काय म्हणावं? 'तबकडी बंद करा' या सूचनेवरून झालेला घोळ

वाचनवेडी: आमच्या गावच्या वाचनालयाकडे जुन्या कीर्तनांच्या कॅसेटांचा साठा आहे. त्या कॉम्प्युटरवर घेऊन सीडीवर उतरवायचं काम सुरू आहे, कारण ज्येष्ठ मंडळींच्या घरी अजून सीडी प्लेयरच आहेत. कॉम्प्युटरशेजारी एक मराठी सूचनापत्रक लावलेलं आहे, माझ्या आधी कुणीतरी केलेलं. त्यातली शेवटची ओळ : 'रेकॉर्डिंग झाल्यावर तबकडी बंद करा.' मदतीला येणाऱ्या काकांनी रेकॉर्डिंग संपताच अख्खा कॉम्प्युटर बंद केला. आता त्या सीड्या आमच्या कॉम्प्युटरवर वाजतात, पण घरच्या प्लेयरवर लावल्या की 'नो डिस्क'. मूळ इंग्रजीत तिथे 'फायनलाइज' असणार, म्हणजे सीडीवरचं लिहिणं कायमचं पूर्ण करून टाकणं. काका म्हणतात, "बंद करा म्हणजे बंद करा, त्याला दुसरा अर्थ कुठला?" मला त्यांचं पटतं. पत्रक नव्याने लिहायचं आहे. फायनलाइजला काय लिहू? 'बर्न'लाही, म्हणजे सीडीवर रेकॉर्डिंग उतरवण्यालाही, त्यात कुठे 'जाळणे' आहे, कुठे 'भरणे'.

शुद्धभाषी: सरळ 'अंतिमीकरण' लिहा. आणि 'जाळणे' तर काढूनच टाका. ध्वनिमुद्रण, ध्वनिमुद्रिका हे आपले जुने, कसदार शब्द आहेत. 'मुद्रित करणे' लिहिलं की काम झालं. सावरकरांनी दिनांक, महापौर, चित्रपट दिले तेव्हाही लोकांनी नाकं मुरडली होती. आज ते शब्द परके वाटतात का?

नागपूरकर: दिनांक रुजला, पण दूरध्वनी पाटीवरच राहिला ना! अंतिमीकरण वाचून काका पुन्हा स्वीचकडेच हात नेणार. आमच्याकडे सीडी 'मारतात'. झेरॉक्स मारली, प्रिंट मारली, भिंतीला रंग मारला, तशी सीडी मारली. दुकानात 'सीडी मुद्रित करून द्या' असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

कोल्हापुरी चप्पल: मारणे नंतर आलं. त्याआधी 'भरणे' होतं. गाण्यांची यादी कागदावर लिहून दुकानात द्यायची आणि 'ए' बाजू, 'बी' बाजू भरून घ्यायची. कॅसेट भरायची म्हणूनच सीडीही भरायची. पत्रकातलं 'भरणे' बरोबर आहे, ते ठेवा.

दुरुस्तीवाला: ताई, शब्दाचं नंतर बघू, आधी त्या सीड्या फेकू नका. सीडीची खालची बाजू उजेडात तिरकी धरा. आतून बाहेर जेवढं रेकॉर्डिंग झालंय तेवढा पट्टा वेगळ्या छटेचा दिसेल आणि जिथे संपलंय तिथे गोल कड दिसेल. पट्टा दिसत असेल तर माल आत आहे. फायनलाइज करताना सुरुवातीला अनुक्रमणिका आणि शेवटी समाप्तीचा पट्टा लिहिला जातो. घरचा प्लेयर आधी अनुक्रमणिका शोधतो, ती नसली की सीडी नाहीच असं धरतो. त्याच रायटरमध्ये सीडी घाला, त्याच सॉफ्टवेअरमधून फायनलाइज करा. लिहिणं चालू असताना वीज गेलेली नसेल तर बहुतेक सुटेल. आणि 'बर्न' शब्द खोटा नाही. सीडी-आरमध्ये, म्हणजे घरी लिहिता येणाऱ्या कोऱ्या सीडीत, सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो, 780 नॅनोमीटरचा लेसर तो जागोजाग तापवतो, आणि तेवढ्या जागेवरून उजेड परत येण्याचं प्रमाण बदलतं. जळतंच ते.

ऱ्हाइनकाठी: जर्मनीतही सीडी 'जाळतात'च. क्रियापद ब्रेनेन, आणि ड्राइव्हला म्हणतात ब्रेनर. दारू गाळण्यालाही हेच क्रियापद. 'नीरो बर्निंग रॉम' हे सॉफ्टवेअर जर्मनीतलंच, आणि जर्मनमध्ये रोम शहराचं नाव 'रोम' असंच, आर-ओ-एम लिहितात. म्हणजे रोम जळत होतं तेव्हाचा नीरो आणि सीडी-रॉम, दोन्ही एकाच नावात. त्यांच्या चिन्हात पेटलेलं कलोसियम असायचं. खरं तर रोमची ती आग इ.स. 64 ची आणि कलोसियम बांधायला घेतलं नीरो गेल्यावर.

आजोळ: फ्रेंचमध्ये मात्र 'ग्रावे' म्हणतात, म्हणजे कोरणे! ड्राइव्ह म्हणजे 'ग्राव्हर', कोरणारा. आपल्याकडे शिलालेख कोरायची, ताम्रपट कोरायची एवढी परंपरा असताना जाळायचं कशाला? 'कोरी सीडी कोरली.' माझ्या मते कोरा आणि कोरणे हे एकाच घरातले शब्द आहेत : जे कोरायचं राहिलं ते कोरं.

मोडीप्रेमी: आजोळ, वाक्य गोड आहे, पण ही अर्थावरून जुळवलेली व्युत्पत्ती झाली. कोरं कापड, कोरा चहा, यांत कोरायचं काय राहिलेलं असतं?

आजोळ: कोऱ्या कापडावर नक्षी राहिलेली असते! चहाचं नंतर सांगते.

कोल्हापुरी चप्पल: मग 'डागणे' का नको? जनावराला डाग देतात, फुटक्या भांड्याला डाग देतात. तापवून कायमची खूण करायची, हेच तर लेसर करतो.

शुद्धभाषी: डाग फारसीतून आलेला आहे. इंग्रजी टाळून फारसी घ्यायचं, याला शुद्धी म्हणत नाहीत.

मोडीप्रेमी: फारसी 'दाग' आणि आपली संस्कृत 'दह्' ही धातू मुळात सख्खी भावंडं आहेत, तेव्हा परकं कोण हे ठरवणं सोपं नाही. राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी कितीतरी फारसी शब्द आपल्या तोंडी राहिलेच. पण ताईंचा प्रश्न बर्नचा नव्हता, फायनलाइजचा होता, आणि त्याला शब्द आपल्याकडे तयार आहे : शिक्कामोर्तब. शिवकालीन पत्र पाहा. वर शिक्का, म्हणजे मुख्य मुद्रा, 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही. मजकूर संपला की अगदी त्याला लागून मोर्तब, 'मर्यादेयं विराजते', म्हणजे लेखनाची सीमा इथे झाली. त्यापुढे कुणाला एक ओळही घुसडता येऊ नये, यासाठी ती. दुरुस्तीवाले सांगतात तेही तेच आहे : वर अनुक्रमणिका, खाली समाप्ती, आणि मग त्यात भर घालता येत नाही. इतका तंतोतंत जुळणारा शब्द घरात असताना अंतिमीकरण कशाला घडवायचं?

शुद्धभाषी: शिक्का अरबी, मोर्तबही अरबीच.

मोडीप्रेमी: हो, आणि दोन्ही मराठी.

वाचनवेडी: मोडीप्रेमी, हे मला फार आवडलं. पण काकांना पटकन कळेल असं क्रियापद हवं आहे. 'सीडी मिटा' चालेल का? पुस्तक मिटतो तसं.

आजोळ: नको गं बाई! कुणीतरी 'मिटवा' वाचेल आणि सगळं पुसून टाकेल. त्यापेक्षा 'गाठ मारा' लिही. शिवण संपली की दोऱ्याला गाठ मारतो, नाही मारली तर सगळं उसवतं. गावात प्रत्येक बाईला कळेल.

नागपूरकर: बघा, शेवटी 'मारा'वरच आलात.

दुरुस्तीवाला: ताई, आणखी एक तपासा. सगळ्या सीड्या फायनलाइजमुळेच अडल्या असतील असं नाही. ऑडिओ सीडीत 80 मिनिटं मावतात. कीर्तन दोन तासांचं असेल तर काकांनी एमपी3 फाइली टाकून डेटा सीडी केली असेल. कॉम्प्युटरवर ती वाजते, जुन्या प्लेयरला मात्र एमपी3 कळतच नाही. मग फायनलाइज करूनही उपयोग नाही. कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग वेगळे करून दोन ऑडिओ सीड्या करा. वेगही कमी ठेवा, 52 एक्स नको, 16 एक्सच्या आसपास. जुन्या प्लेयरना तशी सीडी वाचायला सोपी जाते असा माझा दुकानातला अनुभव आहे. आणि 'सेशन (एका वेळी लिहिलेला भाग) बंद' आणि 'डिस्क बंद' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पत्रकात दोन्हींना एकच शब्द वापरू नका. सेशन बंद केल्यावरही पुढे आणखी सेशन जोडता येतं, डिस्क बंद केली की संपलं.

शुद्धभाषी: सेशनला 'सत्र'.

कोल्हापुरी चप्पल: सत्र म्हटलं की शाळा आठवते. 'बैठक' म्हणा. कीर्तनाचीच सीडी आहे ना.

मोडीप्रेमी: गाण्याची बैठक असते. कीर्तन उभ्याने करतात.

वाचनवेडी: पूर्वरंग-उत्तररंगाची सूचना लगेच अमलात आणते, दुरुस्तीवाले दादा. ज्या सीड्या अडल्या त्यांतल्या बऱ्याच लांब कीर्तनांच्याच आहेत, हे आत्ता लक्षात येतंय. पत्रकात सध्या असं लिहिते : 'भरून झाल्यावर सीडीवर शिक्का मारा. त्यासाठी फायनलाइज हे बटण दाबा. तोवर कॉम्प्युटर चालू ठेवा.'

दुरुस्तीवाला: शिक्का नको, ताई! रबरी शिक्का घेऊन वरच्या बाजूला उमटवणारी माणसं भेटतील. सीडीचा चकाकणारा थर त्याच बाजूला असतो, वर नुसतं पातळ लाखेचं आवरण. तिथली ओल, शाई, ओरखडा थेट आत जातो. खालच्या बाजूला निदान मिलिमीटरभर प्लास्टिक तरी आहे.

मोडीप्रेमी: म्हणून तर 'शिक्का' नव्हे, 'मोर्तब' म्हणतोय. 'मोर्तब करा.' मोर्तबाचा रबरी शिक्का कुठल्या दुकानात मिळतो?

नागपूरकर: 'मोर्तब' एकटा शब्द काकांनी कधी ऐकला असेल का, ते आधी त्यांना विचारा.