कुपवाडला शिफ्टची नोकरी करत बी.कॉम. : ऑनलाइन की मुक्त विद्यापीठ?

कुपवाडकर
धाकटा भाऊ बारावी कॉमर्स, कुपवाड एमआयडीसीत स्टोअरला आहे. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, रेग्युलर कॉलेज जमणार नाही. पुढं अकाउंट्सला जायचंय, एमपीएससीचा फॉर्मही भरायचा म्हणतो. विश्रामबागेतल्या एका ॲडमिशनवाल्यानं ऑनलाइन बी.कॉम. सांगितलंय : परीक्षा घरून, पास व्हायची काळजी नको, फी हप्त्यानं. ही पदवी सरकारी नोकरीला चालते का? काय बघून ठरवावं?

आयर्विन पूल
चालते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2020 च्या नियमांनुसार मान्यता असलेली ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. पण मान्यता अख्ख्या विद्यापीठाला नसते. ती अभ्यासक्रमाला, पद्धतीला आणि सत्राला असते. बी.ए. ऑनलाइनला आहे, बी.कॉम. मात्र फक्त दूरशिक्षणात, असं होतं. गेल्या वर्षीच्या यादीत होतं आणि या जुलैच्या यादीत नाही, असंही होतं. म्हणून यूजीसीच्या डीईबी (दूरशिक्षण विभाग) साइटवर त्याच सत्राची यादी उघडा आणि 'बी.कॉम.' व 'ऑनलाइन' एकाच ओळीत दिसतंय का बघा. एजंटानं व्हॉट्सॲपला पाठवलेला फोटो धरू नका.

2024 पासून प्रवेशाला डीईबी आयडी लागतो, आणि त्याआधी डिजिलॉकरमधून एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नंबर. दोन्ही भावानं स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढायचे. एजंटानं आपला नंबर घातला की पुढचा प्रत्येक ओटीपी त्याच्याकडं मागत बसायचं. आधारवर 'सागर बाळू' आणि दहावीच्या सर्टिफिकेटवर 'सागर बाळासाहेब' असेल तर आधी आधार दुरुस्त करा, बहुतेक फॉर्म तिथंच अडकतात.

आणि 'पास व्हायची काळजी नको' म्हणणाऱ्याच्या दारात परत जाऊ नका. ऑनलाइन पदवी फ्रँचायझीवर चालवायला परवानगीच नाही. फी विद्यापीठाच्या साइटवरूनच भरा, पावती विद्यापीठाचीच घ्या.

माणदेशी
मान्यता झाली, आता वेळेचं बघा. क्रेडिट म्हणजे अभ्यासाचं माप, एका क्रेडिटला 30 तास अभ्यास धरलेला असतो. तीन वर्षांची पदवी किमान 120 क्रेडिटची, म्हणजे सेमिस्टरला 20 क्रेडिट, 600 तास. 26 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला 23 तास. व्हिडिओ, वाचन, स्वाध्याय सगळं त्यात आलं. रात्रपाळीच्या आठवड्यात एवढं होत नाही, दिवसपाळीत भरून काढावं लागतं.

ऑनलाइनला सहभागही मोजतात. तो 75 टक्क्यांच्या खाली गेला की परीक्षेला बसता येत नाही. अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त 30 टक्के, बाकी सत्रांत परीक्षा. पोरं अंतर्गत गुण घालवतात ती शेवटच्या रात्री असाइनमेंट अपलोड करायला बसून.

अजिंक्यतारा
'परीक्षा घरून' ऐकायला बरं वाटतं. कॅमेरा, माइक चालू ठेवून बसावं लागतं. मागून कुणी गेलं, शेजारच्या खोलीतला टीव्ही माइकात आला किंवा नजर सारखी खाली गेली की नोंद होते. मोबाइलवर परीक्षा बहुतेक ठिकाणी चालत नाही, कॅमेरा असलेला लॅपटॉप हवा. वीज गेली तर बॅटरी तीन तास टिकते का आणि वायफाय बंद पडल्यावर हॉटस्पॉटला रेंज येते का, हे चाचणी परीक्षेतच बघून घ्या. दाराला कडी लावता येईल अशी खोली नसेल तर परीक्षा केंद्राचा पर्याय देणारं विद्यापीठ बघा.

आयर्विन पूल
अजून एक. ऑनलाइन बी.कॉम. बहुतेक इंग्रजीतून असतं. मराठी माध्यमातून बारावी झाली असेल तर माझं मत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाला : मराठी पुस्तकं, केंद्रावर लेखी परीक्षा, लॅपटॉपचा खर्च नाही. इंग्रजी जमत असेल तर शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षण व ऑनलाइन केंद्रात चौकशी करा, कोल्हापूर एका दिवसात जाऊन येता येतं.

कुपवाडकर
माध्यम मराठीच. हप्त्यांचं काय?

माणदेशी
'हप्ते' म्हणजे पुष्कळदा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, भावाच्या नावावर. कॉलेज सोडलं तरी हप्ता सुटत नाही आणि थकला की सिबिल खराब. सेमिस्टरप्रमाणं फी घेणारं बघा. सीएचा विचार असेल तर कॉमर्स पदवीधराला थेट प्रवेशाला 55 टक्के लागतात, नुसतं पास होऊन भागत नाही. टॅली आणि जीएसटी रिटर्न भरायला मात्र आत्तापासूनच शिकू दे. अकाउंट्सच्या मुलाखतीत पहिले तेच विचारतात.