पासबुकातील ‘क्रेडिट’ आणि वहीतील ‘डेबिट’

प्रश्न:
बँकेत भरलेली रक्कम पासबुकात ‘क्रेडिट’च्या रकान्यात येते, आमच्या दुकानाचे लेखापाल मात्र तीच रक्कम बँक खात्याला ‘डेबिट’ दाखवतात. क्रेडिट कार्डावर तर क्रेडिट म्हणजे चक्क उधारी. मग अर्थ कोणता धरावा?

पहिले उत्तर:
दोन्ही नोंदी बरोबर आहेत. पासबुक हा बँकेच्या खतावणीतील (खातेवार नोंदींच्या वहीतील) तुमच्या खात्याचा उतारा असतो. तुम्ही 10,000 रुपये भरले की बँक तुमचे तितके देणे लागते, म्हणून ती रक्कम तुमच्या खात्यावर जमा (क्रेडिट) होते, आणि तुमच्या वहीत बँक हे येणे असल्याने तीच रक्कम बँकेच्या खात्याला नावे (डेबिट) पडते.

दुसरे उत्तर:
‘क्रेडिट’च्या मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘विश्वास ठेवणे’ असल्यामुळे कार्डाच्या संदर्भात ‘पत’ हा शब्द चपखल बसतो. पतपेढी उगाच म्हणत नाहीत. मात्र कार्डाच्या विवरणात रकमेपुढे ‘सीआर’ (क्रेडिट) असल्यास ते भरलेले किंवा परत आलेले पैसे समजावेत.

प्रश्नकर्ता:
आमच्या कॅश क्रेडिट खात्यात, म्हणजे बँकेने मंजूर केलेल्या मर्यादेपर्यंत पैसे उचलता येतात त्या खात्यात, शिलकेपुढे ‘डीआर’ (डेबिट) असते. म्हणजे ते कर्जच ना?

पहिले उत्तर:
होय. व्याजही त्या उचललेल्या रकमेवरच लागते, मंजूर मर्यादेवर नाही.