मोडीचं पॅकेज फोडावं की एकच ठेवावं?

मृणाल, इंदूर
नमस्कार. रामबागेत आमचा मोडी वाचनाचा वर्ग चालतो. इथे कितीतरी घरांत होळकरकाळातली मोडी कागदं पडून आहेत, ती वाचायला लोक येतात. त्यांच्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनांसाठी मी 'मोडी-साधने' हे एकच पॅकेज, म्हणजे एकदम बसवता येणारा फाइलींचा गठ्ठा, बनवलंय. त्यात फॉन्ट, आयबस या टाइप करायच्या साधनाचा कीबोर्ड लेआउट, पायथनमधला सराव-प्रोग्राम, मदतपुस्तिका आणि स्कॅन केलेली पानं आहेत. पानंच ६०० एमबीच्या घरात. प्रोग्राममधला एक शब्द सुधारला की सगळं पुन्हा उतरवावं लागतं. शिवाय छापखानेवाल्या काकांना फक्त टाइप करायचंय. सहकारी म्हणतात पाचही गोष्टींची पाच पॅकेजं कर. करू का?

दांडियाबाजारकर, बडोदा
मृणालताई, पाच नकोत. आत काय काय आहे ते मोजून पॅकेजं पाडू नयेत. एक भाग दुसऱ्याशिवाय कुणाला हवाय, कुणाच्या डिपेंडन्सी (चालायला लागणारी दुसरी पॅकेजं) वेगळ्या आहेत आणि कुठला भाग किती वेळा बदलतो, हे बघावं.

छापखान्याचे काका तुम्हीच सांगितलेत. लेआउटला आयबस-एम१७एन (आयबसचं अनेक भाषांसाठीचं इंजिन) लागतं, सराव-प्रोग्रामला पायथन आणि जीटीके (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी). टाइप करणाऱ्याच्या मशीनवर जीटीकेचा पसारा कशाला? म्हणून 'मोडी-कीबोर्ड' वेगळं.

फॉन्ट मात्र तुम्ही देऊच नका. मोडी २०१४ साली युनिकोड ७.० (अक्षरांच्या जागतिक संकेतावली) मध्ये आली आणि नोटो सान्स मोडी डेबियनच्या 'फॉन्ट्स-नोटो-कोर'मध्ये आहे. त्याच्यावर डिपेंड करा. मदतपुस्तिका छोटी असेल तर सराव-प्रोग्रामबरोबरच 'मोडी-सराव' या पॅकेजात राहू दे. प्रत्येक नवं पॅकेज म्हणजे इंडेक्समध्ये (पॅकेजांच्या यादीत) एक नोंद, आणि ती 'एपीटी अपडेट' करणाऱ्या प्रत्येकाला उतरवावी लागते; एपीटी म्हणजे डेबियनचं पॅकेजं आणणारं साधन.

आता स्कॅन. इथे नीट लक्ष द्या, कारण बरेचजण इथेच अर्धं काम करून थांबतात. एकाच सोर्समधून (पॅकेजं ज्यातून बांधतात त्या मूळ गठ्ठ्यातून) 'मोडी-नमुने' हे स्कॅनचं वेगळं बायनरी (मशीनवर बसवायचं) पॅकेज काढलंत तर छापखाना सुटेल, पण तुमचे विद्यार्थी सुटणार नाहीत. एका सोर्सची सगळी बायनरी पॅकेजं सहसा एकाच आवृत्तीने बाहेर पडतात. प्रोग्राममध्ये एक अक्षर बदललंत की नमुन्यांचाही आवृत्ती क्रमांक वाढतो, आणि एपीटी ते ६०० एमबी इमानेइतबारे पुन्हा आणतं. स्कॅनचं सोर्सच वेगळं करा, मग नवी पानं येतील तेव्हाच ते हलेल. त्याला 'आर्किटेक्चर: ऑल' लावा, म्हणजे सगळ्या प्रकारच्या प्रोसेसरांना तेच एक पॅकेज चालेल.

मृणाल, इंदूर
सोर्सचं लक्षातच आलं नव्हतं. पण ज्यांच्याकडे जुनं पॅकेज आहे, त्यांची पानं अपग्रेडमध्ये गायब होणार नाहीत ना?

दांडियाबाजारकर, बडोदा
हा प्रश्न फार महत्त्वाचा. 'मोडी-साधने' हे नाव सोडू नका. ते रिकामं ठेवा आणि कीबोर्ड व सराव या दोन्हींवर डिपेंड करा. 'मोडी-सराव'ने नमुने 'रिकमेंड्स'मध्ये घ्यावेत, म्हणजे एपीटी ते सहसा आपोआप बसवतं. नुसते 'सजेस्ट्स'मध्ये (नुसती सूचना, आपोआप न बसणारी) टाकलेत तर जुन्या लोकांची पानं न सांगता जातील. फाइली ज्या ज्या नव्या पॅकेजात हलल्या, तिथे 'ब्रेक्स' (जुन्याशी जमत नाही) आणि 'रिप्लेसेस' (जुन्याच्या फाइलींची जागा घेतो) दोन्हींत 'मोडी-साधने'चं नाव लिहा, फाइली हलल्या त्या आवृत्तीपेक्षा जुनी अशी अट घालून. नाहीतर 'ही फाइल दुसऱ्या पॅकेजात आहे' म्हणत डीपीकेजी (पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम) मध्येच अडतं.

लष्करवाला, ग्वाल्हेर
पूर्ण सहमत. एक भर घालतो. नमुन्यांचे पेशवेकालीन, होळकरकालीन असे आणखी तुकडे आत्ताच पाडू नका. फोडणं पुढेही जमतं. एकदा बाहेर गेलेलं नाव मागे घ्यायला मात्र डेबियनच्या पुढच्या स्थिर आवृत्तीपर्यंत रिकामं पॅकेज सांभाळत बसावं लागतं, कारण लोकांच्या स्क्रिप्टमध्ये ते नाव रुजलेलं असतं.

मृणाल, इंदूर
तर तीन खरी पॅकेजं, एक रिकामं आणि सोर्स दोन. आधी वर्गातल्या एका जुन्या मशीनवर अपग्रेड करून बघते, मगच काकांना नवं नाव कळवते.