दूध वाढवण्याआधी

'बाळाचं वजन कमी आहे तर दूध वाढवा' असा सल्ला दिला जातो, तो मला पटला नाही. आमची लेक 14 महिन्यांची असताना 8.1 किलोवर अडकली होती. दिवसाला लिटरभर दूध बाटलीने प्यायची आणि वरणभाताचा घास दिसला की तोंड फिरवायची. डॉक्टरांनी दूध अर्ध्या लिटरच्या आत आणायला लावलं; जास्त दुधाने भूक मरते, लोहही कमी पडतं. चार दिवस नुसती रडारड, माझा जीव खालीवर. पाचव्या दिवशी तिने माझ्या ताटातली मऊ खिचडी स्वतःच ओढली!

अंगणवाडीच्या कार्डात मुलींचा वजनाचा तक्ता गुलाबी, मुलांचा निळा असतो. त्यावर दर महिन्याचे ठिपके जोडून बघा. रेष सपाट झाली किंवा खाली वळली, तर मात्र लगेच दाखवा.