सल्ला हवा: टेक्सासमध्ये वसंतातली टर्कीची शिकार, सोळा वर्षांच्या मुलीबरोबर. लॉज कसा निवडावा?

प्लेनोचा_बाबा

नमस्कार मंडळी. आम्ही आधी न्यू जर्सीत होतो, गेली नऊ वर्षं प्लेनोला आहोत. मुलगी सोळाची, जन्म इथलाच. तिच्या मैत्रिणीच्या घरी सगळे शिकारीला जातात. त्यांच्याबरोबर हिनं मागच्या वर्षी टेक्सासचा शिकार-सुरक्षा कोर्स केला, रेंजवर जाऊन उडत्या तबकड्यांवर नेम धरायला शिकली. आता तिला एप्रिलमध्ये रानटी टर्कीच्या शिकारीला जायचंय, आणि मैत्रिणीच्या वडिलांबरोबर नाही, माझ्याबरोबर.

मी आयुष्यात बंदूक धरलेली नाही. गावी कोंबडी कापायची असली की आजी आम्हा मुलांना परसात फिरकू द्यायची नाही. तरी पोरीनं इतक्या मनापासून विचारलंय की नाही म्हणवत नाही. जायचंच तर नीट शिकवणाऱ्या माणसाबरोबर जावं असं वाटतं.

तीन रात्री, जेवणखाण, गाईड, असं सगळं मिळून देणारे लॉज पाहतोय. संकेतस्थळं सगळी सारखीच: चामड्याचे सोफे, भिंतीवर हरणाची डोकी, स्विमिंग पूल. दोघांचं बजेट 4,000 डॉलरपर्यंत. मी अजून एच-वन-बीवर आहे, त्याची काही अडचण येते का? आणि नवख्यानं लॉजवाल्याला नेमकं काय विचारावं?

पेकानखाली

प्लेनोचे बाबा, तुम्ही टेक्सासमध्ये राहता हीच अर्धी सोय झाली. इथली साधारण 95 टक्के जमीन खासगी मालकीची आहे, त्यामुळे लॉज किंवा ओळखीचं रँच याशिवाय नवख्याला सहसा वाट नाही. पण टर्की भरपूर. आपल्याकडची जात रिओ ग्रांदे. लानो, मेसन, सॅन सबा, करव्हिल या बाजूला नदीकाठच्या उंच पेकान आणि ओकच्या झाडांवर त्यांचा रातथारा असतो. तुमच्या घरापासून चार-पाच तासांची गाडी. उत्तर विभागाचा हंगाम साधारण एप्रिलच्या सुरुवातीपासून मेच्या मध्यापर्यंत, दक्षिण विभागाचा मार्चच्या मध्यापासून. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, राज्याच्या खात्याच्या पानावर बघून घ्या. सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हंगामाच्या आगेमागे राखीव शनिवार-रविवार असतात, तेही बघा.

आता मुख्य गोष्ट. लॉजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: "फीडरवर बसवणार, की आवाज देऊन बोलावणार?" टेक्सासमध्ये रिओ टर्कीसाठी मका टाकणं कायदेशीर आहे. बरेच लॉज पाहुण्याला मक्याच्या फीडरसमोर पेटीसारख्या लपणीत बसवतात, टर्की ठरल्या वेळी दाणे टिपायला येते, संपलं. बेकायदा नाही. पण ज्यासाठी माणसं वसंताची वाट बघतात ते यात काहीच नाही.

वसंतातली शिकार म्हणजे संभाषण आहे. पहाटे काळोखात तुम्ही झाडाला टेकून बसलेले. गाईड घुबडाचा आवाज काढतो, आणि पाऊणशे-शंभर पावलांवरच्या झाडातून नर ओरडतो. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा अंगावर काटा येईल. मग तो खाली उतरतो. गाईड पाटीवर काडी घासून किंवा लाकडी डबी वाजवून मादीचा आवाज देतो. निसर्गात मादी नराकडे चालत जाते. तुम्ही त्याला उलट, तुमच्याकडे चालत यायला सांगताय. म्हणून तो थांबतो, बघतो, पिसारा फुलवतो, तासभर जागचा हलत नाही. जवळ आला की ओरडण्यापेक्षा बारीक आवाज ऐकायचा: आधी फुस्स, मग छातीत जाणवणारी घूम. मला तो कानाआधी बरगड्यांना कळतो. डोकं त्या वेळी पांढरं, निळं, लाल, मूड बदलेल तसं बदलत असतं. सांगून कळायचं नाही ते.

दुसरा प्रश्न: एका गाईडमागे किती माणसं? तुमच्यासाठी एक गाईड आणि तुम्ही दोघं, यापेक्षा जास्त नको.

तिसरा, जो कुणी विचारत नाही: "दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे वसंतात पाऊस कसा झाला?" रिओ टर्कीचं सगळं गणित पावसावर. कोरड्या वर्षी कित्येक माद्या घरटंच करत नाहीत. आणि सगळ्यात जास्त ओरडणारा, बोलावण्याला भुलणारा नर दोन वर्षांचा असतो. म्हणजे त्या वर्षी पिल्लं जगली नसतील तर यंदा रान गप्प. ज्याला आपल्या जमिनीची माहिती आहे तो या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. जो म्हणतो "आमच्याकडे दरवर्षी शंभर टक्के यश," त्याचा फोन ठेवून द्या.

कागदपत्र_आधी

एच-वन-बीबद्दल लिहितो, कारण हे गमतीवारी घ्यायचं नाही.

अमेरिकेचा संघीय कायदा (18 यूएससी 922) नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई करतो. भाड्याची, लॉजची, मित्राची, दहा मिनिटांपुरती, काहीही असो. त्याला अपवाद आहेत, त्यातला आपल्या कामाचा म्हणजे कुठल्याही राज्याचा कायदेशीर, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना तुमच्या नावावर असणं. म्हणून क्रम असा: आधी परवाना, मग रेंज, मग शिकार. टेक्सासचा परवाना 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट चालतो. सहा महिन्यांहून जास्त राहत असाल तर रहिवाशाचा परवाना 25 डॉलर, वर टर्कीसाठी अपलँड पक्ष्यांचं 7 डॉलरचं एंडॉर्समेंट, म्हणजे परवान्याला जोडायची जादा परवानगी. मुलीला 17 च्या आतला युथ परवाना, 7 डॉलर. 2 सप्टेंबर 1971 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सुरक्षा कोर्स सक्तीचा, मोठ्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो.

तरी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाकून लेखी उत्तर घ्या. ग्रीन कार्डाची रांग लावून बसलेला माणूस आहात.

आणि माझं स्वतःचं मत: यंदा तुम्ही बंदूक धरूच नका. सोबती म्हणून बसा. बहुतेक लॉज बघायला येणाऱ्याचे कमी पैसे घेतात. तारेचं कुंपण ओलांडताना तिची बंदूक गाईड रिकामी करून हातात घेईल, तुम्ही नाही.

सोनकी

मी शाकाहारी, पक्षी बघणारी. राग नाही, खरंच विचारते: विणीच्या हंगामात नर मारायचा हे योग्य कसं? आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर हे सगळं थांबलं ते बरंच झालं ना?

पेकानखाली

सोनकीताई, प्रश्न रास्त आहे. भारतात बंदी आली ते योग्यच झालं, माझे आजोबा यवतमाळकडे शिकार करायचे आणि नंतर त्यांनीच बंदूक जमा केली. इथली कथा वेगळ्या वाटेनं गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी टर्की बहुतेक राज्यांतून संपत आली होती. मग बाजारासाठीची शिकार बंद झाली, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला, लांब नळीच्या बंदुकांवर तो आज 11 टक्के आहे. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. त्यातून जंगली टर्की जाळ्यात पकडून दुसऱ्या राज्यांत सोडल्या. पिंजऱ्यात वाढवलेल्या सोडून पाहिल्या होत्या, त्या रानात टिकत नव्हत्या. आज टर्की लाखांत आहे.

विणीचं म्हणाल तर वसंतात मादीला हात लावायचा नाही हाच रिवाज आहे. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, पिल्लांकडे तो बघतही नाही. हंगाम फार लवकर उघडला तर नुकसान होतं, हे खरं. त्यावरून इथले शिकारी आणि जीवशास्त्रज्ञ भांडत असतात, आणि काही राज्यांनी तारखा पुढे ढकलल्या, संख्या कमी केल्या.

सोनकी

धन्यवाद. मला पटलं असं नाही म्हणत, पण कळलं.

माळावरची

मी ऑस्टिनची, सात वसंत झाले. पहिल्या वेळी जे भोगलं ते सांगते, नाव घेत नाही. लॉज सुंदर, जेवण सुंदर. पहाटे एका गाईडनं आम्हा सहा जणांना वेगवेगळ्या फीडरवर सोडलं आणि अकराला घ्यायला आला. मध्ये कुणी नाही. माझ्या शेजारच्या लपणीतल्या नवख्या मुलानं पंचावन्न-साठ यार्डांवर गोळी झाडली. पक्षी पंख ओढत झुडपात गेला. शोधायला कुणी गेलं नाही, कारण दुपारच्या गिऱ्हाइकांची वेळ झाली होती. जखमी पक्षी "घेतला" असा धरून त्याचे पूर्ण पैसे मात्र लावले. त्या पक्ष्याचा विचार अजून येतो मला.

म्हणून करार आधी मागवून घ्या. जखमी पक्ष्याचा नियम काय (तो मोजणं बरोबरच आहे, पण शोधायची जबाबदारी कुणाची हे बघा), दुसऱ्या पक्ष्याचे किती, पाऊस लागला तर काय, आगाऊ रक्कम परत मिळते का. मला आत्तापर्यंत ऐकायला आलेले भाव माणशी 1,500 ते 2,500 डॉलर, वर गाईडची टीप 10 ते 20 टक्के. टीप बजेटमध्ये आधीच धरा, तो माणूस पहाटे साडेतीनला उठतो.

मुलीसाठी:

20 गेजची, तिच्या खांद्याला बसणारी बंदूक द्या. 12 ची (ती नळी मोठी, धक्का जास्त) हौस नको, धक्क्याची एकदा भीती बसली की ट्रिगरआधी डोळे मिटतात. टंगस्टनचे 9 नंबरचे छर्रे घेतले तर 20 गेजही पुरून उरते, महाग आहेत पण चार-पाच काडतुसंच लागतात. त्याच काडतुसांनी कागदावर 20, 30, 40 यार्डांवर मारून बघा. टर्कीला शरीरावर मारत नाहीत, मान आणि डोकं. 40 च्या पुढे कितीही मोह झाला तरी नाही. पिसारा फुलवलेला असताना मान आत ओढलेली असते, तेव्हा थांबायचं. गाईड टक्क असा एक आवाज देईल, तो मान उंच करेल, तेव्हा.

अंगावर लाल, पांढरं, निळं काही नको, मोजासुद्धा नाही. नराच्या डोक्याचे तेच रंग. दुसरा कुणी शिकारी आवारात असेल तर तो तुमच्या दिशेनं बघेल. माणूस दिसलाच तर हात हलवायचा नाही, मोठ्यानं हाक मारायची.

आणि गोचीड! कपड्यांवर, बुटांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आदल्या दिवशी मारून वाळवा, त्वचेवर नाही. लोन स्टार गोचीड चावून काहींना मटण, बीफ, पोर्क यांची ॲलर्जी होते. माझ्या ऑफिसातल्या एकाला झाली आहे. संध्याकाळी गुडघ्यामागे, कमरेला, केसांत तपासा.

रॅपिडसिटीकर

टेक्सासला कशाला, इकडे या! साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्समध्ये पाइनच्या जंगलात मेरियम्स जातीच्या टर्की, शेपटीची टोकं जवळजवळ शुभ्र. मूळच्या इथल्या नाहीत, 1948 ते 1951 मध्ये न्यू मेक्सिको-कोलोरॅडोहून आणून सोडल्या. इथे भरपूर जंगल सरकारी आहे, लॉजशिवायही जमतं.

माळावरची

ब्लॅक हिल्स नक्की जावं, पण पहिल्या खेपेला नाही. एप्रिलमध्ये बर्फ पडतो तिथे, आणि डोंगर चढून बापलेक दमले तर आठवण थंडीचीच राहील. आधी घराजवळ.

रस्सा_वाढा

मांसाबद्दल कुणी बोललंच नाही. लॉजवाले छाती काढून देतात आणि पाय टाकून देतात. पाय मागून घ्या! रानात पळणारा पक्षी, शिरा चिवट, म्हणून लोक कंटाळतात. कुकरला आलं-लसूण, हळद, मीठ लावून पाऊण तास मंद आचेवर, मग हाडं-शिरा सोडवून भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. छातीचं मांस मात्र जास्त शिजवू नका, भुसा होतो. पातळ काप करून तव्यावर.

प्लेनोचा_बाबा

सगळ्यांचे मनापासून आभार. चार लॉजना फोन केले. पावसाचा प्रश्न विचारल्यावर दोघं गोंधळले, एकानं विषय बदलला. चौथ्याकडे मालकीणबाईंनी फोन धरूनच नवऱ्याला हाक मारली आणि तो वीस मिनिटं बोलत होता, कुठल्या ओढ्याला कधी पाणी आलं, कुठे पिल्लं दिसली. मेसनजवळ आहे. सोफे जुने आहेत. एप्रिलचा तिसरा आठवडा ठरवला, त्याच्या मते तोवर माद्या अंड्यांवर बसतात आणि नर सकाळी नऊनंतर एकटे हिंडतात. मी सोबती. वकिलांनीही तेच सुचवलं.

प्लेनोचा_बाबा

परत आलो, म्हणून लिहितो.

पहिल्या पहाटे ओरडणं ऐकलं. पेकानखाली, तुम्ही लिहिलेलं सगळं खरं. मी मुलीचा हात धरला, तिनं सोडवून घेतला, कारण हलायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक कोवळा नर आला, पिसाऱ्यातली मधली पिसं लांब, छातीवर दाढी बोटभर. गाईडनं कानात विचारलं, तिनं मान हलवून नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी सव्वानऊला मोठा नर मेस्कीटच्या झुडपांतून आला. अठ्ठावीस यार्ड, गाईडनं नंतर मोजलं. घूम आम्हा तिघांनाही जाणवली. त्यानं मान उंच केली, तिचं बोट सेफ्टीवर होतं, आणि नेमक्या त्याच्या मागून दोन माद्या निघाल्या, अगदी रेषेत. ती थांबली. मी पुटपुटणार होतो, पण गप्प राहिलो. तो अर्धा मिनिट उभा राहिला आणि माद्यांच्या मागे निघून गेला. ती रडली नाही, पण बंदूक रिकामी करताना हात थरथरत होते. गाईडनं टोपी काढली आणि तिला म्हणाला, मोठ्या माणसांनाही असं थांबणं जमत नाही.

त्यानं पुढच्या वर्षाचा आठवडा आमच्या नावानं राखलाय. तेव्हा ती 17 पूर्ण असेल, म्हणजे 7 डॉलरचा परवाना चालणार नाही, माझ्यासारखाच 25 अधिक 7 लागेल ना, कागदपत्र_आधी?

कागदपत्र_आधी

परवाना काढताना ती 17 ची झाली असेल तरच. त्या दिवशी 16 चीच असेल तर 7 डॉलरचाच चालतो. आणि 1 सप्टेंबरपासून लागू होणारा नवाच काढा, नाहीतर एप्रिलपर्यंत मुदत पुरणार नाही.